दोन महिरपी कंस

“पाठ लाव भिंतीला,” मामा म्हणाला. “आणि बघ आता.”

मी स्वयंपाकघराच्या उरलेल्या भिंतीला पाठ लावून बसले. शनिवार होता, सकाळचे साडेअकरा. खाणीवरचा भोंगा दोनदा वाजून थांबला होता. मामानं डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागला. चारवर आला आणि सुरुंगाचा बार उडाला.

आवाज नंतर आला. आधी भिंतीनं पाठीत गुद्दा घातला. फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली, कौलांतून माती गळली, गोठ्यातली म्हैस दावं ओढत हंबरायला लागली. मग आवाज आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. जीभ चावली गेली. तोंडात रक्ताची चव आली.

“सात भोकं,” मामा डोळे न उघडता म्हणाला. “आणि एकेका भोकात दुप्पट माल. रंग्याला मीच शिकवलं, पण ही खोड माझी न्हवं.”

मी लॅपटॉपकडे धावले. अंगणात जमिनीत ठोकलेल्या खिळ्यापासून एक वायर लोखंडी डब्यात जात होती आणि डब्यातून लॅपटॉपमध्ये. पडद्यावरची रेघ अजून वरखाली उड्या मारत होती. वर ठळक आकडा होता, एकतीस. खाली हिरवी खूण आणि शेजारी शब्द, ‘जतन झाले’.

“किती?” मामानं विचारलं.

“एकतीस.”

“साहेबानं किती सांगितलेलं?”

“दहा. दहाच्या वर गेलं तर खाणीचा परवाना जातो.”

मामा उठला. स्वयंपाकघराची मागची बाजू मोकळीच होती, तिथं निळा ताडपत्रीचा कागद लावलेला. त्यानं तो कागद उगाच सारखा केला. आठ महिन्यांपूर्वी असाच एक बार उडाला होता आणि तिथली भिंत तानामामीवर पडली होती. मामी भाकरी थापत होती. दगडांखालून तिला काढलं तेव्हा हाताला पीठ तसंच होतं, असं मामानं मला फोनवर सांगितलं होतं. पंचनाम्यात लिहिलं, ‘भिंत जुनी असल्याने कोसळली.’

त्या एका ओळीवर मामाचा जीव अडकला होता. त्याला पैसे नको होते. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. गावाकडच्या अंगाला बार उडायचे थांबले पाहिजेत, आणि ती ओळ खोडून तिथं खरं लिहिलं गेलं पाहिजे. तो स्वतः त्याच खाणीत सव्वीस वर्षं सुरुंग भरत होता, त्यामुळं नुसत्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. पण सरकारी कार्यालयातले साहेब म्हणाले, “तुमच्या कानाचं काय घेऊन बसलात? मोजमाप आणा. सोमवारी सुनावणी आहे.” पडद्याचा फोटोही चालणार नव्हता. फोटो काय, कुणीही बनवतं म्हणाले. आकड्यांची मूळ फाईल पाहिजे.

म्हणून मी आले होते. मी श्रीपती मामाची भाची. आई गेल्यावर दहावीपर्यंत मामा-मामीनंच मला वाढवलं. पुढं कोल्हापुरात वेबसाइटी बनवायचा धंदा टाकला. बरा चालला होता आणि डोकं जरा हवेत होतं. एका इंजिनियरिंग कॉलेजसाठी मी काम केलं होतं, तिथल्या सरांकडून जमिनीचे हादरे मोजायचा डबा आठवडाभरासाठी मागून आणला. डबा नुसताच मोजायचा, स्वतःजवळ काही ठेवायचा नाही. एका सेकंदाला हजार आकडे ओतून मोकळा. ते झेलून ठेवायचं वेबचं पान मी लिहिलं होतं.

इथं एक गोष्ट सांगते, फार डोकं खाणार नाही. डब्यातून येणारे आकडे संगणकाच्या मेमरीत कच्चे असतात. माणसाला वाचता येत नाहीत आणि वेबच्या पानाला ते तसेच ठेवता किंवा पाठवता येत नाहीत. मी जिथं ठेवत होते तिथं फक्त मजकूर चालायचा. म्हणून आधी आकड्यांचा मजकूर करायचा. मी पहिल्यांदा साधी पद्धत वापरली होती, एकेक आकडा लिहायचा आणि मध्ये स्वल्पविराम. कोल्हापुरात उत्तम चाललं. पण मजकूर फुगून हा एवढा व्हायचा, आणि मामाच्या कातळवाडीत फोनला रेंज म्हणजे नुसती थट्टा. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून हात वर केला तर दोन दांड्या. म्हणून गुरुवारी येताना एसटीत बसल्या बसल्या मी ते बदलायला घेतलं. कच्च्या आकड्यांतून थेट आखूड मजकूर करायची एक रीत आहे, ती घालायला. घाटात पोटात ढवळायला लागलं तशी लॅपटॉप मिटून बसले.

शुक्रवारी चार बार उडाले, शनिवारचा हा पाचवा. पाचही वेळा रेघ नाचली, पाचही वेळा हिरवी खूण आली.

“आता टाकीवर चढते आणि पाठवून देते,” मी म्हटलं.

“आधी तोंड धू. रक्त आलंय.”

तेवढ्यात जीप आली.

मामानं आवाज ओळखला. त्यानं वायर ओढून काढली, लॅपटॉप मिटला आणि चालत, अजिबात न धावता, परसात गेला. शेणींचा ढीग होता, त्यातल्या मधल्या चार शेणी काढल्या, लॅपटॉप आत सारला, शेणी परत लावल्या. आणि पुढच्या पायरीवर येऊन बसला. मी दारात उभी.

तिघं उतरले. पुढं रंगा, खाणीचा मुकादम. चाळिशीतला, दाट मिशा, गळ्यात टॉवेल. मी शाळेत होते तेव्हा हा मामाच्या हाताखाली होता. आमच्याच पायरीवर बसून मामीच्या हातचा चहा प्यायचा. मागच्या दोघांना मी ओळखत नव्हते. एकाच्या हातात घण होता, खाणीत दगड फोडतात तो.

“उस्ताद,” रंगा म्हणाला, “हे काय मांडलंय अंगणात?”

“दिसतंय की.”

“मालक म्हणत्यात, काढून टाका.”

“मालकाला सांग, अंगण माझं हाय.”

रंगानं मान हलवली. घणवाल्यानं डब्यावर एकच घाव घातला. लोखंडी डबा, पण आत नाजूक काम. तो पापडासारखा चपटा झाला. खिळा उपटला, वायर तोडली. मी ओरडत पुढं गेले तर दुसऱ्यानं मला ढकललं आणि मी तुळशीच्या कट्ट्यावर आपटले. बरगडीत कळ गेली.

“कॉम्प्युटर कुठाय?” रंगानं मला विचारलं.

“तुझ्या बापानं ठेवलाय काय इथं?”

“ताई, तोंड आवरा. कालपासून खाणीवरनं दुर्बिणीतनं बघतोय मी. कॉम्प्युटर हाय. द्या आणि आमी जातो.”

“न्हाई,” मामा म्हणाला.

ते दोघं घरात शिरले. ट्रंका उलट्या झाल्या, गाद्या फाटल्या, धान्याची पोती अंगणात रिकामी झाली. मामीचा फोटो खिळ्यावरून खाली आला आणि कुणाच्या तरी बुटाखाली काच करकरली. मामा पायरीवरून हलला नाही. दहा मिनिटांनी दोघं हात झटकत बाहेर आले. रंगाचा फोन वाजला. तो फक्त “व्हय मालक, व्हय” एवढंच बोलला, पण फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग गेलेला.

“उस्ताद, पाया पडतो. सांगा.”

“न्हाई.”

“हात धरा रं,” रंगा म्हणाला.

दोघांनी मामाला पायरीवर पालथा दाबला. एकानं मानेवर गुडघा ठेवला, दुसऱ्यानं उजवा हात ओढून दगडावर पसरला. घण रंगानं घेतला. मला वाटलं धमकावतोय. खरंच वाटलं. या माणसाला हाताला धरून जिलेटिनच्या कांड्या बांधायला मामानंच शिकवलं होतं.

“सांगा, उस्ताद.”

“ह्योच हात धरून शिकलास तू,” मामा दगडाला गाल टेकून म्हणाला.

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते. शेणींत आहे, घे आणि चुलीत घाल, एवढंच म्हणायचं होतं. मामानं तसल्या अवस्थेत डोळा वळवून माझ्याकडं बघितलं.

“हेमे. बोललीस तर मी तुला मेलो.”

मी तोंड मिटलं.

रंगानं घण मारला. आवाज ओल्या लाकडाचा आला. मामा ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा बाहेर पडली. रंगानं पुन्हा विचारलं, मामानं मान हलवली, आणि त्यानं दुसऱ्यांदा मारला. बोटं कुठली आणि दगड कुठला हे कळेनासं झालं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. भांड्यांच्या पसाऱ्यात वरवंटा पडला होता. तो माझ्या हातात कधी आला ठाऊक नाही. रंगाची पाठ माझ्याकडं होती. मी दोन्ही हातांनी तो त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर बसला. मी परत उचलला आणि परत घातला, यावेळी कानावर. मला थांबायचं नव्हतं. तिसरा बसला असता तर तो माणूस मेला असता आणि मला तेव्हा तेच हवं होतं, हे मी लपवत नाही. दुसऱ्यानं माझे केस धरून मागं ओढलं. रक्तानं रंगाचं तोंड झाकलेलं बघून त्या दोघांचा धीर सुटला. त्याला उचलून जीपमध्ये टाकलं आणि निघून गेले.

शेजारच्या टेंपोतून मी मामाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल मांडीवर. वाटेत तो एकदाच बोलला.

“कॉम्प्युटर घेतलास न्हवं?”

“घेतला.”

“मग झालं.”

डॉक्टरांनी मनगटातून हात काढला. दुसरा इलाज नव्हता म्हणाले. सही मी केली.

संध्याकाळी मामा गुंगीत होता. तालुक्यात रेंज चांगली होती. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. शेणाचा वास येत होता, कडेला मामाचं रक्त सुकलेलं. पाच नोंदी, पाच हिरव्या खुणा. कॉलेजच्या सरांना पाठवण्याआधी शेवटची नोंद एकदा बघावी म्हणून मी उघडली.

आत दोन महिरपी कंस होते. एक उघडणारा, एक मिटणारा. मध्ये काही नाही.

दुसरी उघडली. दोन कंस. तिसरी, चौथी, पाचवी. दोन कंस.

मी एसटीतलं काम उघडून बघितलं. आकड्यांची स्वल्पविरामवाली यादी करणारी जुनी ओळ मी पुसली होती. आखूड मजकूर करणारी नवी ओळ लिहायची राहिली होती. त्यामुळं कच्चे आकडे तसेच्या तसे मजकूर बनवणाऱ्या तयार यंत्रणेच्या हातात गेले. तिला असला कच्चा माल वाचता येत नाही, पण ती तक्रारही करत नाही. मुकाट्यानं दोन कंस लिहून देते. पडद्यावरची रेघ मात्र थेट मेमरीतून निघत होती, म्हणून ती नाचत राहिली. आणि हिरवी खूण? ती मीच लिहिली होती. काहीतरी ठेवलं गेलं की उगवायची. काय ठेवलं गेलं हे मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. दोन दिवस, पाच बार, एकदाही नाही. मला काय भिकेचे डोहाळे लागले होते कोण जाणे.

मी बाकावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. शेजारची एक म्हातारी उठून लांब जाऊन बसली.

रविवारी सकाळी दहाला रंगा वॉर्डात आला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. मी उठून दारातच आडवी उभी राहिले.

“नऊ टाके पडले, ताई.”

“दहावा राहिला. घालू?”

“मालकानं पाठवलंय,” तो खाली बघत म्हणाला. “दुपारी हवालदार जबाब घ्यायला येणार हाय. उस्तादांनी सांगावं, दगड पडला हातावर. आणि कॉम्प्युटर आमाला द्यावा. मालक गावाकडच्या अंगाचं काम कायमचं बंद करतो म्हणतोय. लिहून देतो. बार डोंगराच्या पल्याड.”

“घाबरला वाटतं.”

“मी सांगितलं त्याला. हात दिला पर कॉम्प्युटर दिला न्हाई म्हंजे त्यात काय असंल ते बघा म्हटलं.”

त्याला खाली चहाच्या टपरीवर थांबायला सांगून मी आत आले. मामा जागा होता. उशीला टेकून त्यानं सगळं ऐकलेलं.

“सौदा न्हाई,” तो म्हणाला. “उद्या साहेबासमोर फाईल ठेवायची. बार बी थांबले पायजेत आणि तानीची ओळ बी खोडली गेली पायजे. हात गेला तो गेला. फाईल हाय.”

मी लॅपटॉपच्या कडेचं सुकलेलं रक्त नखानं खरवडत होते.

“काय झालं?”

“मामा, फाईल नाही.”

“फोडली?”

“नाही. होतीच नाही. माझी चूक झाली. आकडे ठेवलेच गेले नाहीत.”

“मी बघितलं की. एकतीस.”

“ते नुसतं दिसत होतं. आत हे आहे.” मी गोळ्यांच्या पाकिटावर पेननं दोन महिरपी कंस काढून त्याच्या समोर धरले.

त्यानं ते डाव्या हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. उलटं करून मागं बघितलं.

“ह्याच्यात काय असतंय?”

“काहीच नाही. ह्याच्या मधे आकडे असायला हवे होते.”

“सगळ्यांत असंच?”

“पाचही.”

पाकीट त्यानं चादरीवर ठेवलं. मग मला मारलं. डाव्या हातानं, कानाखाली. ज्या हातानं त्यानं कधी कुणाला मारलं नव्हतं त्या हातानं, त्यामुळं थप्पड धड गालावर नाही आणि धड कानावर नाही, अशी बसली. सलाइनची सुई निघून आली, रक्त चादरीवर सांडलं. त्यानं परत मारलं. मी मान हलवली नाही. वाढवलं त्या घरात माझ्यावर कधी हात उचलला नव्हता मामानं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्याला दम लागला आणि तो हात माझ्या खांद्यावर पडून राहिला.

“तानी गेली तवा मी खाणीवरच हुतो,” तो म्हणाला. “पलीकडच्या अंगाला. बार उडाला आणि मी रंग्याला हाक मारून म्हटलं, जरा जास्त झाला रं. हसला. मी बी हसलो.”

हे मला माहीत नव्हतं. मी रडायला लागले.

“रडू नगंस. काल तू बोलणार हुतीस. मीच गप्प केलं तुला. आता अजून एकदा गप्प बसायचं. जमंल?”

“जमेल.”

“बोलव त्याला.”

रंगा आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मामानं पाकीट चादरीखाली सारलं. त्याचा चेहरा असा झाला की मला ओळखू येईना. सुरुंगाची वात पेटवून सावकाश चालत येणाऱ्या माणसाचा असेल तसा.

“पाच बार धरलेत,” मामा म्हणाला. “कालचा एकतीस. तुमाला दहाची मुभा. पोरगी म्हणती, सोमवारी साहेबाला द्यायचं. मी म्हणतो, गावाचं बघू. काय लिहून देतोय मालक?”

“गावाकडचा पट्टा सोडला म्हणून.”

“आणि तानीची भिंत बारानं पडली म्हणून?”

रंगानं मागं वळून दाराकडं बघितलं. मग म्हणाला, “ते न्हाई देणार, उस्ताद. त्यात तो आत जातोय. मी बी.”

मामानं डोळे मिटले. फाईल असती तर त्यानं इथं सौदा मोडला असता. रंगाला कुत्र्यासारखं हाकललं असतं आणि सोमवारी ती ओळ खोडून आणली असती. माझ्या खांद्याला खांदा लावून मामी तिथं उभी आहे आणि माझ्याकडंच बघते आहे, असं मला वाटत होतं.

“बरं,” मामा म्हणाला. “ते राहू दे. पट्ट्याचा कागद आधी. उद्या सुनावणीत मालकानं सोता द्यायचा, त्यावर कार्यालयाचा शिक्का बसला पायजे. मग कॉम्प्युटर. आज मला ताप हाय, जबाब उद्या दीन.”

सोमवारी तसंच झालं. सुनावणी सात मिनिटांत उरकली. मालक इस्त्रीच्या कपड्यांत आला, कागद दिला, साहेबांनी शिक्का मारला आणि मामाला म्हणाले, “बघा, समजुतीनं मिटलं की नाही?” मामानं उरलेला हात जोडता येईना म्हणून छातीवर ठेवला. तिथून दवाखान्यात परत. हवालदारानं विचारलं. मामा म्हणाला, “दगड पडला.” खाली अंगठा उठवला, डावा.

दुपारी आम्ही घरी आलो. रंगा एकटाच आला होता. तोच घण घेऊन. मालकानं सांगितलं होतं, कॉम्प्युटर आणू नको, तिथंच डोळ्यांसमोर फोडून ये.

मी लॅपटॉप पायरीवर ठेवला. दगडावरचा डाग धुऊनही गेला नव्हता. मामा ओसरीवर खुर्चीत बसला, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन.

रंगानं घण उचलला. पहिल्या घावात पडद्याची काच उडाली, एक तुकडा माझ्या पायात घुसला. दुसऱ्यात कळा उधळल्या. तिसऱ्यात तो वाकला.

“झालं, उस्ताद.”

“न्हाई झालं,” मामा म्हणाला. “मधला भाग साबूत हाय. त्यातच असतंय सगळं. नीट घाल.”

रंगानं परत घातला. आणि परत. मी मोजत होते. सात, आठ, नऊ. त्याच्या डोक्याच्या पट्टीतून रक्त झिरपायला लागलं. प्रत्येक घावाला मामाचा थोटा हात मांडीवर थोडा उडत होता, पण त्यानं नजर काढली नाही.

“अजून एक.”

अकराव्या घावाला पायरीचाच टवका निघाला. रंगानं घण टाकला आणि खाली मातीत बसला. धापा टाकत होता.

“पाणी दे त्याला,” मामा मला म्हणाला.

मी दिलं. माझ्या हातांना त्याला पाणी द्यायचं नव्हतं, पण दिलं. त्यानं अर्धा तांब्या प्यायला, अर्धा तोंडावर मारला.

“खरंच एकतीस हुता?” त्यानं विचारलं.

“भरलास तू,” मामा म्हणाला. “मला कशाला इचारतोस?”

रंगा फुटलेल्या तुकड्यांकडं बघत राहिला. आता तिथं काहीच उरलं नव्हतं. आता काहीही बोललं तरी कुठं जाणार नव्हतं, असं त्याला वाटलं असावं.

“दुप्पट भरला हुता,” तो म्हणाला. “मालकाला दगड लवकर पायजे हुता. मामीच्या दिवशी बी दुप्पटच भरला हुता. भिंत चांगली हुती, उस्ताद. मी कितीदा टेकून बसलोय त्या भिंतीला. भिंत चांगली हुती.”

“हे लिहून दीशील?”

रंगा उठला. घण खांद्यावर घेतला, टॉवेलानं तोंड पुसलं आणि फाटकातून बाहेर गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

मी घरात जाऊन पसाऱ्यातून माझी शाळेतली एक जुनी वही काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, वेळ घातली आणि रंगा बोलला ते शब्दन् शब्द लिहून काढलं, त्यानं जसं म्हटलं होतं तसंच. कुठल्याही साहेबाच्या टेबलावर त्या पानाला किंमत नव्हती, हे मला माहीत होतं आणि मामालाही. पान घेऊन मी ओसरीवर आले.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“वाच.”

मी वाचलं. ‘भिंत चांगली होती’ असं मी उरकून वाचायला गेले तर त्यानं बोट वर केलं.

“हुती म्हणाला तो. काय लिहिलंयस बघ.”

मी बघितलं. पानावर ‘हुती’च होतं.

“परत वाच,” मामा म्हणाला.

मी परत वाचलं.